नासक हिरा

नासक हिरा, अर्थात नाशिकचा हिरा, हा गोवळकोंडा प्रदेशातील खाणींतून निघालेला एक ऐतिहासिक हिरा आहे. पाश्चात्त्य लेखनात त्याला 'मूर्तीचा डोळा' असेही म्हटलेले आढळते. नाशिकजवळील त्र्यंबकेश्वराच्या मंदिराचा अलंकार म्हणून त्याची ख्याती होती. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला आणि युद्धलुटीचा भाग म्हणून इंग्लंडला गेला. पुढे लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावांतून आणि खाजगी व्यवहारांतून त्याचे मालक वारंवार बदलले. भारतात असताना त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते, आज ते ४३.३८ कॅरट (८.६७६ ग्रॅम) आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक हिरा पैलू पाडणाऱ्यांच्या सहाणेवर झिजून गेला. लिलावात विकल्या जाणाऱ्या पुरातन रत्नालंकारांचे मोल कशावर ठरते आणि त्यांच्या मालकीचा प्रश्न कसा मागे पडतो, हे समजून घेण्यासाठी या हिऱ्याचे उदाहरण अभ्यासकांना विशेष उपयोगी पडते.

नाव

'नासक' हे 'नाशिक' या नावाचे इंग्रजी कागदपत्रांतील रूप होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी हे गावाचे नाव निरनिराळ्या पद्धतींनी लिहीत. त्यांपैकी एक रूप या हिऱ्याला कायमचे चिकटले. मराठीत 'नाशिकचा हिरा' असे म्हणणे अधिक स्वाभाविक ठरेल, परंतु जवाहिऱ्यांच्या व्यवहारात रूढ झालेले नाव मराठी लेखनातही स्वीकारले गेले आहे.

'मूर्तीचा डोळा' हे नाव मात्र तपासून घ्यावे असे आहे. त्र्यंबकेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून तेथील गर्भगृहात उभी मूर्ती नाही. शाळुंकेच्या खोलगट भागात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची प्रतीके मानली जाणारी अंगठ्याएवढी तीन लहान लिंगे आहेत. अशा लिंगाला डोळा असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उत्सवप्रसंगी लिंगावर मुखवटा व मुकुट चढवण्याची प्रथा आहे. हिरा अशा एखाद्या आभूषणात असणे शक्य आहे, पण हिंदू देवतेच्या कपाळातून किंवा डोळ्यातून उपटून काढलेले रत्न ही कल्पना मुख्यतः युरोपीय वाचकांच्या आवडीची होती. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही १८६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अशाच एका लुटलेल्या हिऱ्याभोवती गुंफलेली आहे. अशी नावे विक्रीला पोषक ठरतात, म्हणून ती टिकतात.

उगम

गोवळकोंडा हे हिऱ्याच्या खाणीचे नाव नव्हे. तो किल्ला आणि त्याच्या आश्रयाने वाढलेली रत्नांची बाजारपेठ होती. हिरे सापडत ते मुख्यत्वे कृष्णा नदीच्या खोऱ्यातील खाणींत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला होणारा हिऱ्यांचा पुरवठा जवळजवळ सर्वस्वी भारतातूनच होत असे. आज लिलावांच्या सूचींत 'गोवळकोंडा' हा शब्द स्थलनामापेक्षा गुणवत्तेचा निदर्शक म्हणून वापरला जातो. नायट्रोजनचा अंश जवळजवळ नसलेल्या, अत्यंत पारदर्शक हिऱ्यांना हे विशेषण लावतात.

नासक हिरा त्र्यंबकेश्वरी केव्हा आला याविषयी 'इ.स. १५०० पासून' असे विधान पुष्कळदा केले जाते. त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. त्र्यंबकेश्वराचे सध्याचे काळ्या पाषाणातील मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या प्रेरणेने अठराव्या शतकात उभे राहिले. जुन्या मंदिरातील अलंकार नव्या मंदिराकडे आले असणे अशक्य नाही. परंतु हिऱ्याचे वय जितके अधिक दाखवता येईल तितका लाभ विक्रेत्याला होत असतो आणि पुढे एका प्रसंगी हा लाभ थेट करमाफीच्या स्वरूपात मिळण्याजोगा होता. त्याचे विवेचन खाली केले आहे.

पेशवाईचा अस्त आणि हिऱ्याचे हस्तांतर

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसरे बाजीराव पुढील काही महिने सैन्यासह फिरत राहिले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला आणि मे महिन्यात रायगड पडला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले. वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर त्यांना बिठूर येथे पाठवण्यात आले.

या धामधुमीत हिरा ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला व त्याने तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्याकडे पोहोचवला, असा प्रचलित वृत्तांत आहे. या वृत्तांतात बाजीरावांनी हिरा 'दिला' असे शब्द येतात. राज्य गमावलेल्या आणि पाठलागावर असलेल्या राजकर्त्याने शत्रूच्या हाती ठेवलेल्या वस्तूला देणगी म्हणावे की नाही, हे वाचकाने ठरवावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. हिरा मंदिराचा होता की पेशव्यांच्या खाजगी जामदारखान्यातला? भारतीय परंपरेत देवाला अर्पण केलेली वस्तू 'देवस्व' ठरते. तिच्यावर राजाचीही मालकी राहत नाही, राजा व पुजारी हे केवळ तिचे राखणदार असतात. हिरा देवस्व असेल तर तो कोणाला देण्याचा अधिकार बाजीरावांनाही नव्हता. इंग्रजांनी तो पेशव्यांची संपत्ती म्हणून ताब्यात घेतला आणि ही पहिली नोंदच पुढील सर्व व्यवहारांचा पाया बनली.

दख्खनची लूट

त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार युद्धात हस्तगत केलेली मालमत्ता राजसत्तेची ठरे आणि राजाच्या मर्जीने ती सैन्यात वाटली जाई. १८१७-१८ च्या मोहिमेतील अशा मालमत्तेला 'दख्खनची लूट' हे जणू अधिकृत नाव मिळाले. तिच्या वाटणीवरून विजेत्यांतच दीर्घकाळ तंटा चालला. हेस्टिंग्ज यांच्या नेतृत्वाखालील मुख्य सैन्य आणि सर थॉमस हिस्लॉप यांचे दख्खनचे सैन्य, असे दोन पक्ष होते. वाटणीच्या कामासाठी नेमलेल्या विश्वस्तांत वॉटर्लूचे विजेते ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचाही समावेश होता.

ज्यांची मालमत्ता गेली त्यांच्यापैकी एका प्रकरणाने न्यायालयाची पायरी चढली. पेशव्यांचे अधिकारी नारो गोविंद औटी यांच्याकडील द्रव्य पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. औटींच्या पश्चात त्याविरुद्ध मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात दावा झाला आणि तेथे निकाल दावेदारांच्या बाजूने लागला. परंतु १८३० साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्धाच्या ओघात झालेल्या जप्तीचा विचार करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, असे कारण देण्यात आले. हा निकाल हिऱ्यासंबंधी नव्हता. तरीही त्या लुटीतील कोणत्याही वस्तूविषयी न्यायालयात दाद मागण्याची वाट त्याने बंद केली, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील लिलाव इतके निर्वेध कसे पार पडले याचा उलगडा होत नाही.

लंडनमधील विक्री

लंडनचे राजघराण्याचे जवाहिरे रंडेल अँड ब्रिज यांनी १८१८ मध्ये हा हिरा सुमारे ३,००० पौंडांना घेतला. एवढ्या मोठ्या हिऱ्याला ही किंमत अल्पच होती. त्याचे एक कारण हिऱ्याच्या घडणीत होते. भारतीय कारागीर पैलू पाडताना वजन राखण्याला प्राधान्य देत. नैसर्गिक आकार फारसा न मोडता दोष झाकतील असे पैलू काढीत. युरोपीय बाजाराला मात्र प्रकाश उसळून बाहेर टाकणारी, प्रमाणबद्ध घडण हवी होती. भारतीय घडणीचा हिरा त्यांच्या दृष्टीने जवळजवळ कच्चा मालच होता.

रंडेल अँड ब्रिज यांनी हिऱ्याला नव्याने पैलू पाडून घेतले. मूळचा त्रिकोणी आकार शक्य तितका जपून तेज वाढवावे, अशी कारागिराला सूचना होती. या कामानंतर हिऱ्याचे वजन आजच्या परिमाणात ८० कॅरटच्या आसपास राहिले. घट फार मोठी नव्हती, पण त्र्यंबकेश्वरी पाहिलेला हिरा यानंतर अस्तित्वात राहिला नाही.

जुलै १८३७ मध्ये लंडनच्या विलिस रूम्स या सभागृहात रंडेल अँड ब्रिज यांच्याशी संबंधित रत्नांचा मोठा लिलाव झाला. त्यात अर्काटचे हिरेही होते. अर्काटच्या नबाबाने १७७७ साली राणी शार्लट हिला दिलेले हे हिरे राणीच्या मृत्यूनंतर याच पेढीकडे आले होते. नासक हिऱ्याला ७,२०० पौंड किंमत आली. इमॅन्युएल या जवाहिऱ्यांच्या मार्फत तो वेस्टमिन्स्टरचे पहिले मार्क्विस रॉबर्ट ग्रोव्हनर यांच्याकडे गेला, असा बहुतेक वृत्तांतांचा सूर आहे. मार्क्विसांनी तो आपल्या समारंभाच्या तलवारीच्या मुठीत बसवला. मराठ्यांकडून युद्धात मिळालेले रत्न, जी म्यानाबाहेर काढण्याचा प्रसंग क्वचितच येई अशा तलवारीवर विराजमान झाले.

ग्रोव्हनर घराण्याकडे तो सुमारे नव्वद वर्षे राहिला. १९२७ साली घराण्याने तो पॅरिसचे जवाहिरे जॉर्ज मोबुसाँ यांना विकला. अर्काटचे हिरे घराण्याकडे अधिक काळ टिकले, परंतु दुसऱ्या ड्यूकच्या मृत्यूनंतर वारसा कर भरण्यासाठी १९५९ मध्ये तेही लंडनच्या लिलावात निघाले.

जकातीचा खटला

हिरा अमेरिकेत नेला गेला तेव्हा एक विलक्षण वाद उपस्थित झाला. अमेरिकेच्या १९२२ च्या जकात कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या 'कलात्मक पुराणवस्तू' करमुक्त होत्या, तर दागिन्यात बसवण्याजोग्या पैलूदार सुट्या हिऱ्यावर २० टक्के जकात होती. आयातदारांनी नासक हिरा पुराणवस्तू म्हणून विनाजकात आणला. व्यवसायातील एका प्रतिस्पर्ध्याने त्याला हरकत घेतली.

वरकरणी हा हिशेबाचा वाद दिसतो, परंतु त्यातून विचारला गेलेला प्रश्न मूलगामी आहे. हिरा कशामुळे प्राचीन ठरतो? खडक म्हणून प्रत्येकच हिरा कोट्यवधी वर्षांचा असतो. त्याला पुराणवस्तू म्हणायचे तर मानवी हाताने त्याला दिलेली घडण जुनी असली पाहिजे. रंडेल यांच्याकडील घडण १८१८ ची, म्हणजे शंभराची अट तिने थोडक्यात पार केली होती. त्यामागे मंदिराचा, पेशव्यांचा आणि युद्धाचा इतिहास उभा करता येत होता. प्रथम न्यायालयाने आयातदारांचे म्हणणे मान्य केले. अपिलात, १९३० साली, निकाल उलटला. हिरा जुना व प्रसिद्ध असला तरी तो कलाकृती ठरत नाही, तो दागिन्यात वापरण्याजोगे रत्न आहे, म्हणून जकात लागू होते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ज्या इतिहासाच्या बळावर हिऱ्याची जाहिरात होत होती, त्याला कायद्याने असे काहीच मोल दिले नाही. दहाच वर्षांत बाजारानेही तोच न्याय लावला.

हॅरी विन्स्टन यांची घडण

१९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पॅरिसमध्ये हा हिरा घेतला आणि त्याला पुन्हा पैलू पाडून घेतले. त्रिकोणी आकार जाऊन हिरा पाचूच्या पद्धतीच्या, कोपरे कापलेल्या लांबट चौकोनी घडणीत आला. ८० कॅरटचा हिरा ४३.३८ कॅरटचा झाला. या घडणीत पैलू कमी व मोठे असल्याने आतील लहानसा दोषही लपत नाही. त्यामुळे पूर्ण निर्दोष भाग तेवढा ठेवून उरलेला काढून टाकणे व्यापारी दृष्टीने सयुक्तिक होते. वजन घटले तरी प्रतिकॅरट भाव वाढत असल्याने एकूण किंमत वाढू शकते, हे रत्नव्यापारातील नेहमीचे गणित आहे.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही हानी भरून न येणारी होती. १८१८ ची घडण हा स्वतः एक दस्तऐवज होता, कारण तिच्या त्रिकोणी आकारात मूळ भारतीय हिऱ्याची बाह्यरेषा काही अंशी जपली गेली होती. आजचा हिरा पाहून तो त्र्यंबकेश्वराचा आहे हे सांगता येत नाही. ते केवळ व्यवहारांच्या कागदोपत्री साखळीवरून मानावे लागते. शंभर वर्षांची मोजपट्टी घडणीला लावली, तर हा हिरा २०४० सालापर्यंत 'पुराणवस्तू' होणार नाही.

विन्स्टन यांच्याकडून १९४२ मध्ये तो न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका पेढीकडे गेला. १९४४ साली श्रीमती विल्यम बी. लीड्स यांना तो विवाहाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला. तलवारीच्या मुठीतला हिरा आता अंगठीत बसला.

१९७० चा लिलाव

१६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट या लिलावगृहात नासक हिरा पाच लाख डॉलरला विकला गेला. ग्राहक होते कनेक्टिकट राज्यातील ग्रीनविच येथील एक मालवाहतूक व्यावसायिक. आदल्याच वर्षी याच लिलावगृहात नाशपतीच्या आकाराचा एक हिरा १० लाख ५० हजार डॉलरला गेला होता. तो पुढे रिचर्ड बर्टन यांनी एलिझाबेथ टेलर यांच्यासाठी घेतला. त्यामुळे हिऱ्यांच्या लिलावांकडे वृत्तपत्रांचे लक्ष होते. नासक हिरा नंतर लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुवाद यांच्या खाजगी संग्रहात गेला.

लिलावात पुरातन रत्नालंकाराची किंमत दोन भागांची असते. एक भाग वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण यांचा. त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते. दुसरा भाग त्या वस्तूच्या पूर्वस्वामित्वाचा, म्हणजे ती कोणाकोणाकडे होती या वृत्तांताचा. हा वृत्तांत सूचीत जितका रंगतदार तितकी बोली चढते. बडोद्याच्या गायकवाडांच्या प्रसिद्ध मोत्यांच्या दुपेडी हाराला २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलर मिळाले, त्यात मोत्यांच्या गुणाइतकाच गायकवाडांच्या नावाचाही वाटा होता. विसंगती अशी, की पूर्वस्वामित्वाचा जो तपशील किंमत वाढवतो तोच मालकीविषयी शंकाही निर्माण करतो. 'पेशव्यांचा हिरा' म्हटले की तो पेशव्यांकडून कसा गेला हा प्रश्न ओघाने येतोच. सूची पहिली गोष्ट सविस्तर सांगते आणि दुसरी 'प्राप्त झाला' अशा एखाद्या कर्मणी वाक्यात आटोपते.

मालकीचा प्रश्न

नासक हिरा त्र्यंबकेश्वरी परत यावा अशी मागणी वेळोवेळी होत असते. तिच्यामागील भावना समजण्याजोगी आहे, तथापि कायद्याची स्थिती अनुकूल नाही. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार नोव्हेंबर १९७० मध्ये संमत झाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या लिलावानंतर अवघ्या सात महिन्यांनी, आणि तो पूर्वलक्षी नाही. भारताचा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा असून देशाबाहेर आधीच गेलेल्या वस्तूंपर्यंत तो पोहोचत नाही. शिवाय हिरा खाजगी संग्रहात असल्याने संग्रहालयांवर येते तसे लोकमताचे दडपणही तेथे अल्प असते.

देवस्वाच्या कल्पनेला परदेशी न्यायालयांत अगदीच थारा नाही, असे मात्र नाही. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची कांस्यमूर्ती चोरीने लंडनला गेली असता, १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मंदिराला दावेदार म्हणून मान्यता दिली आणि मूर्ती भारतात परत आली. फरक इतकाच, की ती मूर्ती १९७६ मध्ये जमिनीतून निघाली होती आणि चोरी अलीकडची होती. युद्धलुटीला चोरी ठरवणारा निकाल त्यातून निघत नाही.

अलीकडे लिलावात निघालेल्या वस्तू परत मिळवण्याचा दुसराच मार्ग रूढ होताना दिसतो, तो म्हणजे विकत घेण्याचा. पिप्रावा येथील स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींसमवेत सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव मे २०२५ मध्ये भारत सरकारच्या नोटिशीनंतर थांबला. ती रत्ने गोदरेज समूहाच्या साहाय्याने भारतात आली. त्याच्या थोडे आधी, एप्रिल २०२५ मध्ये, नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर, म्हणजे नासक हिरा ज्या युद्धात गेला त्याच युद्धात, ती नागपुरातून गेली असावी असे मानले जाते. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली.